यादी गेली, आता पेपर कुठं द्यायचा?

फेब्रुवारी २०२५ मध्ये यूजीसीनं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं, शोधनिबंधांच्या जर्नल्सची केअर यादी बंद केली तेव्हा आमच्या जुन्या बॅचच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दोन दिवस नुसता धुरळा उडाला होता. अर्धे म्हणे सुटलो एकदाचे, अर्धे म्हणे आता तर रान मोकळं, पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या दुकानदारांची चंगळ. ज्यांना हे प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी, कुठल्या जर्नलमध्ये छापलेला पेपर पदोन्नतीबिदोन्नतीला धरायचा आणि कुठला नाही याची ती यादी, तिचं काम बघणारा सेल पुणे विद्यापीठात होता, आणि आता ते ज्याच्या त्याच्या विद्यापीठानं-कॉलेजनं ठरवायचंय. मी मराठवाड्यातल्या एका कॉलेजात नऊ वर्षं ग्रंथपाल होते, आता सात वर्षं झाली, अमेरिकेत मिडवेस्टमधल्या एका सरकारी विद्यापीठाच्या लायब्ररीत आहे. तर ग्रुपवर एका मॅडमनी मला उद्देशून लिहिलं, "तुमचं बरंय ताई, तिकडं यादीबिदीची कटकट नाही."

यादीची कटकट नाही, हे खरंय. बरंय का, तेवढं सांगते.

मराठवाड्यात असताना मी चार पेपर छापले. चारही एक दिवसीय राष्ट्रीय चर्चासत्रात. म्हणजे आठशे रुपये रजिस्ट्रेशन, त्यात दुपारचं जेवण, एक फोल्डर, सर्टिफिकेट आणि कुठल्यातरी जर्नलचा विशेषांक ज्यात आलेला प्रत्येक पेपर छापून येणार, एकही परत जाणार नाही. विषय ठरलेला, अमुक कॉलेजच्या विद्यार्थ्यांमध्ये ई-रिसोर्सेसचा वापर आणि जागरूकता, फक्त कॉलेजचं नाव बदलायचं. सुरुवातीला आपल्या ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन, १९३१, त्यांची पाच सूत्रं (आमच्या विषयात हे गणपतीच्या आरतीसारखं आहे, त्याशिवाय कार्यक्रम सुरूच होत नाही). मग १०० प्रश्नावल्या वाटल्या, ८७ परत आल्या, टक्केवारीचा टेबल, खाली तोच टेबल पाय चार्टमध्ये, आणि शेवटी निष्कर्ष की बहुसंख्य विद्यार्थी समाधानी आहेत पण इंटरनेटचा स्पीड वाढवावा. इकडे नोकरीचा अर्ज भरताना मी जुने पेपर काढून बघितले तर एकात टेबल क्रमांक ३ दोनदा छापलेला आणि त्यातल्या टक्केवारीची बेरीज ११२. इतकी वर्षं कुणी एका शब्दानं बोललं नव्हतं, संपादक नाही, तपासणारे नाहीत, पदोन्नतीच्या कमिटीत बसलेले साहेब नाहीत आणि मी स्वतःही नाही.

इकडं बऱ्याच विद्यापीठांत ग्रंथपालाला प्राध्यापकाचा दर्जा असतो, म्हणजे टेन्युअर, कायम नोकरीची पद्धत, असतं, म्हणजे पाच-सहा वर्षांत दाखवण्यासारखं काही छापलं नाही तर गाशा गुंडाळायचा. मी पण लिहायला घेतलं. जर्नलचं नाव सांगत नाही. पहिला आठवडा तर नाव पुसण्यातच गेला, कारण तपासणाऱ्याला लेखक कळता कामा नये, म्हणून फाईलच्या प्रॉपर्टीजमधून नाव काढा, 'आमच्या लायब्ररीत' असं जिथं जिथं लिहिलंय तिथं 'एका मध्यम आकाराच्या विद्यापीठात' करा, स्वतःच्याच जुन्या लेखाचा संदर्भ परक्यासारखा द्या. मग त्यांचा प्रश्न आला, विद्यार्थ्यांना प्रश्नावली देण्याआधी एथिक्स कमिटीची परवानगी घेतली होती का. इकडच्या सर्व्हेची घेतली होती. पण तुलनेसाठी मी आमच्या जुन्या कॉलेजचा डेटा पण घातला होता, त्याची कुठली परवानगी, मुलांना लायब्ररीच्या काउंटरवर थांबवून भरून घेतलेले कागद ते. तो सगळा भाग काढावा लागला.

पाच महिन्यांनी दोन तपासणाऱ्यांचे रिव्ह्यू आले. पहिल्यानं अर्ध्या पानात गोडगोड लिहिलं होतं. दुसऱ्यानं साडेतीन पानं. त्यातला एक प्रश्न मला अजून पाठ आहे, की मुलं लायब्ररीत उभी, विचारणारा लायब्ररीचाच माणूस, तर समाधानी नाही असं कोण म्हणणार? मी दोन दिवस फाईल उघडली नाही, नवऱ्याला म्हणलं याला काय कळतंय. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की सोळा वर्षांच्या नोकरीत माझं लिहिलेलं पहिल्या ओळीपासून शेवटच्या टीपेपर्यंत वाचणारा हा पहिलाच माणूस, आणि तो मला ओळखत पण नाही.

म्हणून ग्रुपवर यादी हवी का नको यावर मारामारी चालली की मला चुळबुळ होते. यादी वाचत नसते. केअरच्या आधीची जी यूजीसीची यादी होती, तिच्यातल्या विद्यापीठांनी सुचवलेल्या जर्नल्सची पुण्याच्याच भूषण पटवर्धन सरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासणी केली होती, २०१८ मध्ये 'करंट सायन्स'ला छापून आली, तर ८८ टक्क्यांहून जास्त जर्नल्स हलक्या दर्जाची असू शकतात असं निघालं. म्हणजे दुकानं यादीच्या बाहेर नव्हती, यादीत होती. आणि याद्यांचा नाद एकट्या आपल्याला नाही, अमेरिकेत डेन्व्हरच्या जेफ्री बील नावाच्या ग्रंथपालानं लुटारू प्रकाशकांची यादी चालवली, जगभर लोक तिच्यावर विसंबून राहिले, आणि जानेवारी २०१७ मध्ये ती एका दिवसात गायब. तेव्हापण लोक असेच हवालदिल झाले होते, आता बघायचं कुठं म्हणून.

आता इकडचं सगळं सोन्याचं आहे असं अजिबात नाही. आमच्याकडे एक कुचकट शब्दप्रयोग आहे, 'हाऊ वी डन इट गुड', म्हणजे आमच्या लायब्ररीत आम्ही कसं छान केलं बुवा, या थाटाचे लेख. टेन्युअरच्या घाईत असले ढिगानं लिहिले जातात, आपल्या ई-रिसोर्सेसवाल्या पेपरांचे गोरे चुलतभाऊच. २०१३ मध्ये 'जर्नल ऑफ लायब्ररी अॅडमिनिस्ट्रेशन'च्या अख्ख्या संपादक मंडळानं राजीनामे दिले, कारण लेखकाकडून लेखाच्या हक्कांचा जो करार लिहून घेतला जायचा तो त्यांना पटेना. एरवीही ग्रंथपालांनी लिहायचं, ग्रंथपालांनीच फुकट तपासायचं आणि वर ग्रंथपालांनीच महागात विकत घ्यायचं. आणि मला वैयक्तिक टोचलेली गोष्ट, मी एकदा मराठवाड्यातल्या तालुक्याच्या वाचनालयांवर लिहिलं तर उत्तर आलं की याचा आमच्या वाचकांना उपयोग काय ते स्पष्ट करा, जागतिक संदर्भ द्या. ओहायोवर लिहिणाऱ्याला ओहायोचा जागतिक संदर्भ कुणी विचारल्याचं माझ्या पाहण्यात नाही.

आणि खरं म्हणजे चांगली जागा आपल्याकडे पण आहेच की. दिल्लीहून निघणारं 'अॅनल्स ऑफ लायब्ररी अँड इन्फर्मेशन स्टडीज' १९५४ पासून चालू आहे, रंगनाथननीच सुरू केलेलं, संरक्षण संशोधनवाल्या डीआरडीओच्या डेसिडॉक या माहिती केंद्राचं जर्नल आहे, दोन्ही सरकारी. इकडचं 'कॉलेज अँड रिसर्च लायब्ररीज' १९३९ चं, २०११ पासून सगळ्यांना वाचायला खुलं, छापायला एक रुपया घेत नाहीत आणि लेखक कुठल्या देशाचा ते विचारत नाहीत. ग्रुपवर दोन दिवसांत साडेतीनशे मेसेज पडले, यातल्या एकाचंही नाव निघालं नाही. का, तर तिथं वेळ लागतो आणि परत येण्याची भीती असते, आणि पदोन्नतीच्या इंटरव्ह्यूची तारीख तर ठरलेली. उलट 'तीन दिवसांत पब्लिकेशन, सर्टिफिकेट फ्री' हा मेसेज त्याच ग्रुपवर, त्याच चर्चेच्या मधोमध, एका सरांनी फॉरवर्ड केला होता. हसावं का रडावं.

पण मॅडमना दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही. त्या एकट्या लायब्ररी सांभाळतात, एक शिपाई आहे तो पण निम्मा वेळ ऑफिसात. देवघेव, कॉलेजच्या मूल्यांकनाची नॅकची फाईल, सोल या लायब्ररी सॉफ्टवेअरमध्ये एंट्री आणि बारकोड चिकटवणं, परीक्षेचं सुपरव्हिजन, वर प्राचार्य विचारणार यंदा पेपर किती. मला इकडं आठवड्यातला अर्धा दिवस संशोधनासाठी म्हणून मिळतो, कॅलेंडरवर तो ब्लॉक असतो आणि त्यात कुणी मीटिंग टाकत नाही. माझ्या पेपरात आणि त्यांच्या पेपरात जो फरक आहे तो बराचसा या अर्ध्या दिवसाचा आहे, हुशारीचा नाही. वन नेशन वन सबस्क्रिप्शन या जर्नल्सच्या एकत्रित वर्गणीच्या योजनेला सरकारनं तीन वर्षांसाठी ६,००० कोटी दिले, जवळपास १३,००० जर्नल्स वाचायला खुली केली, चांगलंच आहे, मी टाळ्या वाजवल्या. पण वाचायचं कधी? त्या अर्ध्या दिवसाची मागणी कुठल्या संघटनेच्या निवेदनात माझ्या तरी वाचनात आली नाही.

अजून एक राहिलं. १९१२ मध्ये बडोद्याहून 'लायब्ररी मिसेलनी' नावाचं नियतकालिक निघायचं, सयाजीरावांनी अमेरिकेहून बोर्डन नावाचे ग्रंथपाल बोलावून जे काम सुरू केलं त्यातूनच आलेलं, इंग्रजी, गुजराती आणि मराठी, तिन्ही भाषांत. म्हणजे शंभर वर्षांपूर्वी ग्रंथपालाला मराठीत चार शब्द लिहायला जागा होती. आज मॅडम वाचनालयात येणाऱ्या बायकांबद्दल फोनवर मला जे सांगतात, कोण कुठलं पुस्तक सासूच्या नावावर नेते, एमपीएससीवाली मुलं खुर्ची धरायला किती वाजता येतात, ते इतकं जिवंत असतं, आणि तेच पेपरात उतरताना मोडक्या इंग्रजीत 'मेजॉरिटी ऑफ द युजर्स आर सॅटिस्फाइड' होऊन बसतं.

तर मी त्यांना म्हणलं यादी मरू दे, तुमचा पुढचा पेपर कुठंही पाठवायच्या आधी मला पाठवा. आला. तेरा पानं, पहिल्या पानावर रंगनाथन. मी रिव्ह्यूअर नंबर दोन होऊन बसले आणि ट्रॅक चेंजेसमध्ये एकतीस कमेंट टाकल्या, सासूच्या नावावर पुस्तक नेणाऱ्या बायका कुठं गेल्या ही त्यातली चौथी. चार दिवस काही उत्तर नाही. दोन निळ्या टिका दिसत होत्या, म्हणलं झालं, दुखावल्या. काल रात्री अकराला झोपायला निघाले तर मेसेज, तिकडं सकाळचे साडेनऊ, लायब्ररी नुकतीच उघडलेली असणार. "ताई, चौथी कमेंट कळली. पण ते टेबलात कसं बसवायचं? वेळ असेल तर फोन करते."

म्हणलं करा.