आठशे रुपये वाचवायचेत? मग पाळोळ्याला मोपावरून जा

गोव्याची ट्रिप ठरवताना लोक एक मोठी चूक करतात, आधी राहायचं कुठे ते ठरवतात आणि मग तिकीट बघतात. असं अजिबात करू नका. आधी तिकीट. ॲपमध्ये ‘गोवा’ टाका, सगळ्यात स्वस्त वर आणा आणि जे पहिलं दिसेल ते घेऊन मोकळे व्हा. केवढंसं ते राज्य, कुठेही उतरलात तरी समोर समुद्रच असणार ना.

आता काही अतिशहाणे तुम्हाला सांगायला येतीलच की अरे गोव्यात दोन विमानतळ आहेत, एक दाबोळी, वास्कोजवळ, पोर्तुगीजांच्या काळापासूनचा, नौदलाच्या हंसा तळावरचा, आणि दुसरा मोपा, पार वर पेडणे तालुक्यात महाराष्ट्राच्या हद्दीला चिकटून, मनोहर पर्रीकरांचं नाव दिलेला, जिथून ५ जानेवारी २०२३ पासून विमानं उडतायत. एकाचा कोड जीओआय, दुसऱ्याचा जीओएक्स. अक्षराचा फरक एक आणि रस्त्याचा फरक साठ-सत्तर किलोमीटर. पण एका अक्षरासाठी चष्मा कोण शोधत बसणार, सेल रात्री बाराला संपतोय.

तर समजा दाबोळीचं तिकीट आहे ४,२०० ला आणि मोपाचं ३,४०० ला. हॉटेल तुम्ही घेतलंय पाळोळ्याला, कारण कोणीतरी सांगितलं की साउथ गोवा शांत आहे. इथे दोन मिनिटं सुद्धा विचार करू नका. आठशे वाचले! चार जण असाल तर बत्तीसशे वाचले!! लगेच ग्रुपवर स्क्रीनशॉट टाका, कारण हा आनंद फार तर विमान टेकेपर्यंत टिकतो, तेवढ्यात तो सगळ्यांनी बघितला पाहिजे.

मोपाहून पाळोळे साधारण शंभर किलोमीटर. पेडण्यातून निघायचं, म्हापसा, पर्वरीचा ट्रॅफिक, मांडवीवरचा पूल, पणजी बाहेरून, मग झुआरीचा नवा पूल, मडगाव, कुंकळ्ळी आणि मग कधीतरी काणकोण. म्हणजे उत्तरेच्या टोकापासून दक्षिणेच्या टोकापर्यंत अख्खं राज्य झालं. लोक गोवा दर्शनाचे वेगळे पैसे भरतात, तुमचं ते पहिल्याच दिवशी टॅक्सीच्या खिडकीतून उरकलं.

टॅक्सीचं काय करायचं, तर आधी काहीच करायचं नाही. गोव्यात ओला-उबर चालत नाही हे माहिती असलं तरी विसरून जा. गोवा माइल्स नावाचं ॲप आहे, प्रीपेड काउंटर आहे, आणि ही सगळी माहिती घरी बसून पाच मिनिटांत मिळते म्हणूनच ती घरी बसून काढायची नाही. ती काढायची सामान घेऊन बाहेर आल्यावर, ऊन डोक्यावर असताना, मोबाइल बारा टक्के असताना, आणि सोबत एक जण ‘मी म्हटलं होतं’ असं न बोलता चेहऱ्याने बोलत असताना. मग जो आकडा ऐकू येईल त्यावर ‘एवढे तर विमानाला पण नाही दिले’ हे वाक्य जोरात म्हणा. टॅक्सीवाल्याने ते त्या दिवशी आधी ऐकलेलं असतंच, पण तुम्ही म्हणा, त्याशिवाय ट्रिप सुरू झाल्यासारखी वाटत नाही.

कदंबची बस असते. दोन्हीकडून असते, मोपाहून तर इलेक्ट्रिक बस पणजी-मडगावकडे जाते, एसी असते, आणि टॅक्सीच्या मानाने तिचं भाडं म्हणजे चिल्लर. पण बसने जायला आपण काय विमानात बसलो होतो का? टाइमटेबल तर चुकूनही बघू नका, ते बघितलं तर फ्लाइटची वेळ त्यावरून निवडावीशी वाटते आणि मग माणूस बिघडत जातो.

इथे हिशोबाची एक खास पद्धत सांगतो, ती नीट लक्षात ठेवा. तिकिटाचे पैसे ट्रिपच्या खर्चात धरायचे. टॅक्सीचे धरायचे नाहीत. टॅक्सीचे पैसे ‘गोव्यातले लोक लुटतात’ या वेगळ्या खात्यात टाकायचे, त्या खात्याची जबाबदारी आपल्यावर येत नाही. म्हणजे वर्षभर तुम्ही ३,४०० मध्ये गोव्याला जाऊन आलात असं सांगू शकता आणि ते खोटं पण नसतं.

मुंबईकरांची तर आता दोन्ही टोकांना सोय झालीये, कारण २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाला. गिरगावात राहता? उत्तम. सांताक्रूझहून तिकीट तीनशेने महाग दिसतंय का, मग नवी मुंबईहूनच घ्या. अटल सेतूवरून जा, कारला एका बाजूचा टोल २५० रुपये, म्हणजे अजून पन्नास रुपये फायद्यातच आहात की! आणि मोपाला उतरून दक्षिणेला निघालात की पणजीला मांडवीवर जो मोठा पूल लागतो त्याचं नाव पण अटल सेतूच. एका स्वस्त तिकिटात दोन अटल सेतू, हे पॅकेज कुठली ट्रॅव्हल कंपनी देत नाही. बोरिवलीकरांनी नवी मुंबईहून जावं की नाही याबद्दल मी काही बोलत नाही, त्यांना प्रवासाचं वाईट वाटायचं कधीच बंद झालंय.

वेळेचं पण तसंच. सगळ्यात स्वस्त विमान पहाटेचं असतं नाहीतर मध्यरात्रीचं, आणि तेच घ्या. दाबोळीला तर नौदलाच्या सरावामुळे वर्षानुवर्षं सोमवार ते शुक्रवार सकाळचे काही तास नागरी विमानांना मिळतच नाहीत, त्यामुळे तिथल्या वेळा अशाच अडनिड्या. समजा पहाटे पाचचं विमान आहे, म्हणजे घरातून दीडला निघायचं, म्हणजे झोपायचंच नाही, सव्वासहाला उतरायचं, आणि हॉटेलचं चेक-इन दुपारी दोनला. मधले आठ तास तुम्ही सुट्टीवरच आहात, फक्त रिसेप्शनच्या सोफ्यावर. कोकणकन्या रात्री अकराच्या सुमाराला सीएसएमटीहून निघते, बर्थवर आडवं होता येतं, आणि सकाळी पेडणे, थिवी, करमळी, मडगाव यातलं जे तुमच्या हॉटेलजवळ असेल तिथे उतरता येतं, वर कुठला कोड वाचायची भानगड नाही. पण ट्रेनमधून स्टेटसला विमानाच्या पंखाचा फोटो कसा टाकणार? शिवाय कोकणकन्येचं तिकीट मिळत नाही, हे मात्र उपरोधाने म्हणत नाहीये.

घरच्यांना घेऊन जात असाल तर मजा अजून वाढवता येते. आत्याला मंगेशीला अभिषेक करायचाय, तिथून म्हार्दोळ, कवळ्याची शांतादुर्गा, म्हणजे सगळं फोंड्याकडे. पोरांना हणजुणे आणि हरमल. बायकोला कोलव्याला दोन दिवस कोणाशी न बोलता बसायचंय. अशा वेळी कुठला विमानतळ बरा हे घरात विचारू नका, सरळ स्वस्तातलं बुक करा आणि मग गाडीत बसल्यावर आत्याला कळू द्या की आधी हरमल येतं. हरमल, मोरजी, मांद्रे, अश्वे हे मोपाच्या हाताशी, आणि बोगमाळो, कोलवा, बाणावली, वार्का, आगोंद, पाळोळे दाबोळीला बरं पडतं, पणजीला दोन्हीकडून जवळपास सारखंच. हे चौथीतल्या पोराला नकाशा दिला तरी दिसतं, म्हणून नकाशा पोराच्या हातात देऊ नका.

आणि हो, मालवण-वेंगुर्ल्याला जायचं असेल तर मोपा खरंच सोयीचा पडतो, सावंतवाडी तिथून पणजीपेक्षा काही लांब नाही. त्यामुळे अर्थातच तुम्ही दाबोळीचं काढा.

ज्यांना हे सगळं फारच सोपं वाटतंय त्यांच्यासाठी वरचे वर्ग आहेत. बेळगावला सांबऱ्याला उतरून चोर्ला घाटातून गोव्यात उतरणं हा एक, पावसाळ्यात घाट सुंदर दिसतो आणि पोटात जे ढवळतं त्याचं श्रेय निसर्गाला देता येतं. दुसरा म्हणजे चिपी. सिंधुदुर्गच्या या विमानतळाचं उद्घाटन ९ ऑक्टोबर २०२१ ला झालं, उद्धव ठाकरे आणि नारायण राणे एका व्यासपीठावर बसले होते, आणि त्यानंतर तिथे त्याहून दुर्मिळ काही उतरलेलं नाही. विमानसेवा कधी असते कधी नसते, पण असते तेव्हा स्वस्त दिसू शकते, आणि आपल्याला तर दिसण्याशीच मतलब. येताना चिपीवरून यायचा मोह झाला आणि बॅगेत गोव्यातून घेतलेल्या बाटल्या असल्या तर लक्षात असू द्या, की वाटेत बांदा ओलांडल्यावर इन्सुलीला एक्साइजचा तपासणी नाका आहे. तिथे ‘आम्ही फक्त विमानतळावर चाललोय’ हे ऐकवून बघा. गोव्यातूनच विमानाने निघाला असतात तर नाका लागला नसता, पण तिकीट सहाशेने महाग होतं ना!

आता परतीचं. जाताना मोपा आणि येताना दाबोळी असं घ्या, किंवा उलट, कारण ॲपच तसं जोडून स्वस्त दाखवतं. मोपाला उतरताच काळ्या पाटीवर पिवळा नंबर असलेली भाड्याची गाडी घ्या आणि शेवटच्या दिवशी मालकाला फोन करून प्रेमाने विचारा, की भाऊ, गाडी दाबोळीला सोडली तर चालेल का. तो चालेल म्हणेल. पुढे किती चालेल ते पण सांगेल.

आणि मोपाचं परतीचं तिकीट असताना कोलव्याहून निघायचं असेल तर ड्रायव्हरला नुसतं ‘एअरपोर्ट’ म्हणा. कोलव्यातल्या माणसाचा एअरपोर्ट म्हणजे दाबोळी, अर्ध्यापाऊण तासात तो तुम्हाला तिथे पोचवतो, आणि तुम्ही आपले खूश की एवढ्या लवकर आलो. गेटवरचा जवान तिकीट बघेल, मग तुमच्याकडे बघेल, मग परत तिकिटाकडे. त्याच्याशी वाद घालू नका, मागे अजून दोन फॅमिली त्याच कामासाठी उभ्या आहेत. बाहेर या, ड्रायव्हर अजून गेलेला नसतो. बॅगा परत डिकीत, परत झुआरीचा पूल, परत पर्वरी, आणि काउंटर साठ मिनिटं आधी बंद होतं हे त्याला सांगत बसू नका, त्याला माहितीये, म्हणूनच तो थांबला होता.