आईकडे पासपोर्ट आहे, पण क्रेडिट हिस्ट्री नाही

अमेरिकेत, टेक्सासमधल्या डॅलसजवळचं आमचं घर विकायला काढलं. कागदावर माझ्यासोबत आईचंही नाव, आणि आई सांगलीत. एका सहीसाठी ७४व्या वर्षी तिला विमानात बसवायचं नव्हतं, म्हणून ऑनलाइन नोटरीची, म्हणजे व्हिडिओ कॉलवर ओळख तपासून सही प्रमाणित करणाऱ्याची, वेळ घेतली. टेक्सासमध्ये १ जुलै २०१८ पासून ही सोय आहे. नोटरी टेक्सासमध्ये बसलेला हवा, सही करणारा माणूस जगात कुठेही चालतो. वाचून वाटलं, आपल्यासारख्यांसाठीच केलंय हे!

आई इस्त्रीची साडी नेसून लॅपटॉपपुढे बसली. पासपोर्ट तिने दोन्ही हातांनी कॅमेऱ्यासमोर धरला होता. पुढच्याच पानावर सोशल सिक्युरिटी नंबरचे, म्हणजे अमेरिकन सरकार देतं त्या ओळख क्रमांकाचे, शेवटचे चार आकडे मागितले. तिच्याकडे तो नंबरच नाही. तिथेच सगळं थांबलं.

त्यापुढची पायरी ओळख पटवणाऱ्या प्रश्नांची असते. साधारण पाच प्रश्न, दोन मिनिटं, चार तरी बरोबर यायला हवेत. जुना पत्ता कोणता, गाडीचं कर्ज कुठून घेतलं, असले प्रश्न. ते अमेरिकेतल्या क्रेडिटच्या (कर्ज-उधारीच्या) आणि सरकारी नोंदींतून काढलेले असतात. जिचं अख्खं आयुष्य सांगलीत गेलं, तिच्यासाठी प्रश्न निघणार कुठून?

पडताळणी कडकच हवी, याबद्दल माझं दुमत नाही. खोट्या सहीने घरं लाटली जातात. पण हे प्रश्न चोराला जड जातात असंही नाही. चोरलेल्या माहितीत जुने पत्ते आणि कर्जं असतातच. म्हणजे चोर पास होऊ शकतो आणि खरी मालकीण दारातच अडते.

नोटरी त्या माणसाला स्वतः ओळखत असेल तर टेक्सासचा कायदा या पायऱ्या मागत नाही. काही राज्यांत ‘ही तीच व्यक्ती’ अशी विश्वासू साक्षीदाराची शपथही चालते. पण सांगलीच्या बाईला ओळखणारा टेक्सासचा नोटरी आणायचा कुठून? माझं म्हणणं एवढंच, की परदेशी पासपोर्ट आणि चेहरा जुळवणं, वर शपथेवरचा साक्षीदार, हा पर्याय सगळीकडे द्या.

शेवटी आई मुंबईला गेली. बीकेसीतल्या अमेरिकन वकिलातीत नोटरीच्या एका शिक्क्याचे ५० डॉलर. आणखी एक सांगतो, कारण यात आमचा एक दिवस गेला: कागदावर फक्त आईचं नाव आणि आडनाव होतं, पासपोर्टवर मधे बाबांचंही नाव. घरी कोणाची अशी सही व्हायची असेल, तर दोन्हीकडचं नाव अक्षर न् अक्षर आधीच जुळवून घ्या.