सिलॅबल अकरा की बारा? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. ‘अँटिडिसएस्टॅब्लिशमेंटेरियनिझम’ या २८ अक्षरी इंग्रजी शब्दाचे माझ्या लेखात मी १२ सिलॅबल (म्हणजे एका झटक्यात उच्चारले जाणारे तुकडे) सांगितले होते. तुम्ही म्हणता ११च, कारण शेवटच्या ‘इझम’च्या स्पेलिंगमध्ये स्वर एकच आहे. शिवाय ‘मेंट’ हा प्रत्यय मी मधोमध तोडला, हे तुम्हाला खटकलं.

सिलॅबल कानाने मोजायचे असतात. ‘रिदम’च्या स्पेलिंगमध्ये ए, ई, आय, ओ, यू यांपैकी एकही नाही, तरी टाळ्या दोन पडतात: रि-दम. ‘इझम’चंही तेच. झ आणि म यांच्यामध्ये स्वर लिहिलेला नाही, पण बोलताना एक निसटता ‘अ’ येतोच. टाळ्या वाजवत म्हणून बघा: अँ-टि-डिस-ए-स्टॅब-लिश-मन-टे-रि-अ-नि-झम. बारा!

‘मेंट’मधला ‘ट’ बोलताना आपसूक पुढच्या ‘एरियन’ला जाऊन मिळतो. ‘सूर्योदय’ घ्या. अर्थाने सूर्य अधिक उदय, पण आपण म्हणतो सूर्-यो-दय, आणि त्या ‘यो’मध्ये दोन्ही शब्द मिसळलेले असतात. अर्थाची फोड एक, उच्चाराची दुसरी. दोन्ही खऱ्या आहेत, म्हणून लेखात दोन्ही दिल्या होत्या.

‘अँटी’ आणि ‘डिस’ हे दोन नकारार्थी उपसर्ग एकमेकांना खोडतात, मग उरलं काय, असंही विचारलंत. दारूबंदीला विरोध करणारा प्रत्येक जण दारूडा असतो का? चर्चला असलेला अधिकृत राजमान्य दर्जा म्हणजे इथली ‘एस्टॅब्लिशमेंट’. तो काढून घ्या म्हणणारे एकोणिसाव्या शतकातल्या ब्रिटनमध्ये होते. त्यांना विरोध करणाऱ्यांची भूमिका म्हणजे हा शब्द. आयर्लंडमधल्या चर्चचा तो दर्जा १८६९च्या कायद्याने गेला, वेल्समध्ये १९२० साली. इंग्लंडमध्ये तो आजही आहे.

आघात, म्हणजे सिलॅबलवरचा जोर, मी नीट दाखवला नाही, हे तुमचं म्हणणं मात्र पूर्ण मान्य. ‘एस्टॅब्लिश’मध्ये जोर ‘टॅब’वर. पुढे ‘मेंट’ लागला तरी तो हलत नाही. ‘एरियन’ लागला की मुख्य जोर ‘टे’वर सरकतो आणि ‘इझम’ आल्यावरही तिथेच राहतो. पण ‘टॅब’वरचा जोर साफ नाहीसा होत नाही, दुय्यम होऊन उरतो. तो मी दाखवलाच नव्हता, आणि ही चूक साधी नाही: तो जोर गाळून शब्द म्हटला की मधली चार-पाच सिलॅबल एकमेकांवर आदळतात. आज मूळ लेखात ‘टॅब’खाली एक रेघ आणि ‘टे’खाली दोन रेघा ओढल्या आहेत.