क्लँप लावलेली तीन टनाची फोर्कलिफ्ट तीन टन उचलत नाही

ऑपरेटर मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. गाडीवर तीन टन लिहिलंय म्हणजे ती तीन टन उचलणारच, पुढे कुठलंही अटॅचमेंट (पुढच्या बाजूला बसवायचं जोड-अवजार) असो. मागची चाकं उचलायला लागली तर काउंटरवेटवर (गाडीच्या मागच्या तोलाच्या वजनावर) दोघांना बसवा. माल नसेल तर गाडी बिनधास्त पळवा. उलटायला लागली तर उडी मारा. यातलं एकही वाक्य बरोबर नाही, आणि शेवटचं तर जीव घेणारं आहे.

पहिल्या वाक्यापाशी जरा थांबू, कारण बाकीचा गोंधळ तिथूनच सुरू होतो. गाडीवरच्या क्षमतेच्या प्लेटवरचे तीन टन हे साध्या फोर्कसाठी (माल उचलायच्या, L आकाराच्या पुढच्या दांड्यांसाठी) असतात, तेही मालाचा मध्य फोर्कच्या उभ्या भागापासून 500 मिमीवर असेल तेव्हा. गाडी पुढच्या अ‍ॅक्सलवर तोललेली असते. तिथपासून फोर्कच्या उभ्या भागापर्यंत 480 मिमी धरू. 3000 किलो गुणिले 980 मिमी म्हणजे 29,40,000 किलो-मिमी. गाडीची ताकद एवढीच. आता 600 किलोचा पेपर रोल क्लँप, म्हणजे कागदाचे रोल पकडणारा चिमटा, लावा (काढलेल्या फोर्कचं वजन सोपेपणासाठी सोडून देऊ). क्लँपचं वजन अ‍ॅक्सलपासून 630 मिमीवर आलं, तर 3,78,000 त्यातच खर्च झाले. वर क्लँपच्या जाडीमुळे रोलचा मध्य आणखी 150 मिमी पुढे गेला, म्हणजे 1130 मिमीवर. उरलेल्या 25,62,000 ला 1130 ने भागलं की येतात साधारण 2267 किलो. सातशेहून जास्त किलो गेले, आणि गाडीच्या अंगावर मात्र ‘3 टन’ तसंच रंगवलेलं. हे आकडे उदाहरणाचे. तुमच्या गाडीचा आकडा गाडीच्या उत्पादकाकडून लेखी घ्या आणि नवी प्लेट लावून घ्या. अमेरिकेच्या ‘ओशा’ या कामगार-सुरक्षा यंत्रणेच्या 1910.178 या नियमात उत्पादकाची लेखी मंजुरी आणि बदललेली प्लेट, दोन्ही सक्तीचं आहे. भिवंडीच्या गोदामाला तो नियम लागू नाही, पण हे गणित लागू आहेच.

फोर्कवर चढवायच्या लांब स्लीव्हचंही असंच. मूळ फोर्कच्या दीडपटीहून लांब स्लीव्ह वापरूच नये.

मागे माणसं बसवल्याने मागची चाकं कदाचित टेकतील. पण मास्ट (फोर्क वर-खाली नेणारा उभा सांगाडा), साखळ्या, फोर्क यांची ताकद त्याने तसूभरही वाढत नाही. उलट त्यांच्यावर ठरवल्यापेक्षा जास्त ओझं पडतं. वळताना ती दोन माणसं कशाला धरणार? हे करायला सांगणाऱ्या सुपरवायझरला सरळ नाही म्हणा.

रिकामी गाडी म्हणजे सुरक्षित गाडी, हाही भ्रमच. अटॅचमेंट लावलेली गाडी माल नसतानाही अर्धवट भरलेली समजूनच चालवायची. क्लँप खाली ठेवा, साइड शिफ्टर (माल डावी-उजवीकडे सरकवणारा भाग) मधोमध आणा, वळणाआधी वेग कमी करा.

आता उडी. बसून चालवायची गाडी आडवी होताना उडी मारणारा बहुतेकदा ज्या बाजूला गाडी पडते त्याच बाजूला पडतो, आणि ड्रायव्हरच्या डोक्यावरचं संरक्षक गार्ड त्याच्यावर येतं. त्यापेक्षा पट्टा लावलेला असू द्या, स्टिअरिंग घट्ट धरा, पाय रोवा आणि पडण्याच्या उलट बाजूला झुका. उभ्याने चालवायच्या, मागून उघड्या गाड्यांसाठी सूचना वेगळी असते. ती त्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये पाहून घ्या.