सॉफ्टवेअर ‘डी’ ड्राइव्हवर टाकल्याने ते सुरक्षित राहते का?

विंडोज आणि लिनक्स एकाच संगणकावर असतील, तर डेटाबेस सर्व्हर किंवा ईआरपीसारखे (कंपनीचा कारभार सांभाळणारे) मोठे सॉफ्टवेअर दोन्हीकडून दिसणाऱ्या ‘डी’ ड्राइव्हवर टाकावे, असा सल्ला सर्रास दिला जातो. विंडोज नव्याने टाकले तरी ते शाबूत राहते, वेगाने चालते आणि दोन्हीकडे वापरता येते, असे त्याचे समर्थन केले जाते. हे तिन्ही दावे चुकीचे आहेत.

विंडोज नव्याने टाकल्यावर ‘डी’वरचे फोल्डर जागेवर राहते, हे खरे; पण सर्व्हिसेसच्या (पडद्यामागे चालणाऱ्या प्रोग्रामच्या) नोंदी, रजिस्ट्रीतले (विंडोजच्या सेटिंगच्या नोंदवहीतले) मार्ग आणि सामायिक डीएलएल फाइली (अनेक प्रोग्राम मिळून वापरतात तो कोड) विंडोजच्याच पार्टिशनवर, म्हणजे डिस्कच्या भागावर, असतात. त्या पुसल्या गेल्या की उरलेल्या फोल्डरमधून सर्व्हिस सुरू होत नाही आणि सॉफ्टवेअर पुन्हा इन्स्टॉल करावेच लागते. वाचतो तो डेटा, आणि त्यासाठी प्रोग्राम हलवण्याची गरजच नसते.

वेगाचे म्हणाल, तर ‘सी’ आणि ‘डी’ एकाच डिस्कचे भाग असतील तेव्हा दोघांचा भार तीच डिस्क वाहते, त्यामुळे वेग वाढत नाही.

दोन्हीकडे वापरण्याचा दावा मात्र घातक आहे. विंडोजची एक्झी (प्रोग्रामची) फाइल लिनक्स थेट चालवत नाही, त्यामुळे सामायिक राहतात त्या केवळ डेटा फाइली, आणि खरा धोका त्यांनाच असतो. विंडोज ८ पासून आलेल्या फास्ट स्टार्टअपमुळे ‘शट डाउन’ केल्यावर कर्नलची (विंडोजच्या गाभ्याची) स्थिती डिस्कवर जपून ठेवली जाते आणि एनटीएफएस (विंडोजची फाइली साठवण्याची पद्धत) पार्टिशन अर्धवट उघड्या अवस्थेत राहते. अशा पार्टिशनवर लिनक्सने लिहिले, तर पुढच्या वेळी विंडोज जुन्याच माहितीच्या आधारे काम सुरू करते आणि फाइली बिघडू शकतात. म्हणूनच एनटीएफएस-३जी हा लिनक्समधला एनटीएफएस हाताळणारा ड्रायव्हर असे पार्टिशन लिहिण्यासाठी उघडण्यास नकार देते. ‘रीस्टार्ट’ केल्यास ही अडचण येत नाही, म्हणून हा दोष कधी दिसतो, कधी दिसत नाही, आणि शोधणाऱ्याचे दिवस वाया जातात. उपाय म्हणून पार्टिशन एफएटी३२ या जुन्या पद्धतीचे केले, तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल त्यात मावत नाही.

माझे स्पष्ट मत असे, की सॉफ्टवेअर ज्या प्रणालीत चालणार आहे तिच्याच पार्टिशनवर ते टाकावे. डेटा शक्यतो वेगळ्या डिस्कवर ठेवावा, ती डिस्क दुसऱ्या प्रणालीत माउंटच करू नये (वापरासाठी जोडूच नये) आणि बॅकअप तिसरीकडे घ्यावा.