करडई, जामीनदार आणि किल्लारी : ॲनिमे बघताना

करडईवर कुणी सिनेमा काढेल असं मला कधी वाटलं नव्हतं. तो काढला जपान्यांनी, १९९१ मध्ये. इसाओ ताकाहाता यांचा 'ओन्ली यस्टरडे' हा ॲनिमे, म्हणजे चित्रं काढून केलेला जपानी सिनेमा. टोकियोत नोकरी करणारी, सत्तावीस वर्षांची ताएको सुट्टी काढून थोरल्या बहिणीच्या सासरच्या गावी, यामागाताकडे जाते आणि तिथल्या माणसांबरोबर करडईची फुलं खुडते. खुडणी पहाटेची, कारण दव असेपर्यंत काटे मऊ असतात. ते बघितलं आणि मी आईला हाक मारली. आमच्या औसा तालुक्यातही करडई काढायची ती दिवस वर यायच्या आत. ऊन चढलं की काटे कडक होतात, मग हाताला चिंध्या बांधल्या तरी टोचायचं ते टोचतंच. आईनं दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाली, "बरोबर खुडालीय की गं."

आपण करडई दाण्यासाठी घेतो, तेलासाठी. कोवळी असताना भाजी करतो, ज्वारीच्या कडेनं लावतो म्हणजे जनावर आत शिरत नाही. तिकडे पाकळ्यांपासून लाल रंग करतात. पाकळ्या धुवायच्या, आंबवायच्या, कुटून चकत्या करायच्या, वाळवायच्या. सिनेमा हे सगळं दाखवतो, कुठं घाई करत नाही. मध्येच ताएको एक जुनी गोष्ट सांगते. हातमोजे नव्हते त्या काळात खुडणाऱ्या पोरींची बोटं रक्ताळायची, आणि ज्या लालीसाठी हे चाललं होतं ती लाली शहरातल्या बायकांच्या ओठांवर जायची. खुडणारीला ती जन्मात लावायला मिळायची नाही. आमच्याकडे सोयाबीन आणि हरभऱ्याच्या रेट्यात करडई मागं पडली, पण हे गणित काही बदललं नाही.

"एवढी मोठी झालीस, अजून कार्टून बघतेस?" हे मी घरात, ऑफिसात, लग्नात, सगळीकडे ऐकलंय. त्याचं उत्तर एकदा नीट द्यायचं होतं म्हणून ही पोस्ट. कॅमेरा लावून शूटिंग केलं की शेत आपोआप फ्रेममध्ये येतं. चित्रात आपोआप काहीच येत नाही. फूल खुडणारी बोटं दिसली म्हणजे कुणीतरी ती बोटं आधी निरखलीत, मग बसून एकेक फ्रेम काढलीय. राबणाऱ्या हातांना इतका वेळ देणारं दुसरं काही मला पडद्यावर फारसं सापडलेलं नाही. याच सिनेमात तोशिओ नावाचा तरुण शेतकरी ताएकोला सांगतो की तुला जो निसर्ग वाटतोय ते रान, ते ओढे, ती शेतं सगळी माणसानं पिढ्यान्‌पिढ्या राबून घडवलीत. शहरातनं येऊन "किती छान हिरवंगार" म्हणणाऱ्या माझ्या मैत्रिणींना मी हाच प्रसंग दाखवते.

पण मला सगळ्यात जास्त हलवलं ते 'सिल्व्हर स्पून' या मालिकेनं. हिरोमु अराकावा यांच्या मांगावरची (जपानी चित्रकथेवरची) ही मालिका २०१३-१४ मधली. अराकावाबाईंना लोक 'फुलमेटल अल्केमिस्ट'साठी ओळखतात, पण त्या जपानच्या उत्तरेकडच्या होक्काइदो बेटावर दुभत्या जनावरांच्या घरात वाढल्या, आणि इथं ते पावलोपावली कळतं. साप्पोरो शहरातला हाचिकेन अभ्यासाच्या शर्यतीत दमून कृषी शाळेत येतो. लातूरच्या क्लासेसच्या गल्ल्यांमधनं रोज जाणाऱ्या माणसाला हे पोर लगेच ओळखू येतं. तो डुकराच्या एका अशक्त पिल्लाला नाव देतो, वाढवतो, आणि त्याची कापायला जायची वेळ आली की काय करायचं ते त्याला स्वतः ठरवावं लागतं. त्या प्रश्नाला मालिका कुठंही गोड करत नाही.

आणि मग त्याच्याच शाळेतला कोमाबा. वडील नाहीत, घरी आई आणि दोन जुळ्या धाकट्या बहिणी, गोठा कर्जात. हा पोरगा बेसबॉलचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा. कोशिएनपर्यंत, म्हणजे शाळांच्या देशपातळीवरच्या स्पर्धेपर्यंत पोचायचं, व्यावसायिक खेळाडू व्हायचं आणि गोठा वाचवायचा, एवढंच त्याच्या डोक्यात. त्याचा संघ हरतो. गोठा विकायला निघतो, गाई ट्रकमध्ये चढतात, बहिणी रडतात, कोमाबा शाळा सोडतो. इथं दुसरी एखादी मालिका थांबली असती. अराकावा थांबत नाहीत. कोमाबांच्या कर्जाला शेजारच्या मिकागेंची जामीनकी असते, म्हणून ते घरही अडचणीत येतं आणि त्यांनाही घोडे विकावे लागतात. मी तो भाग बघून उठले आणि बराच वेळ काही सुचेना. आपल्याकडे शेतकऱ्याच्या कर्जावर बोलणारे खूप आहेत, जामीनदारावर कोण बोलतं? ज्यानं शेजारधर्म म्हणून सही केली, त्याच्या घरात त्यानंतर काय होतं, एकमेकांच्या दारात जाताना मान कशी खाली जाते, हे मला एका जपानी मालिकेत बघायला मिळालं. आणि तिथं कुणी खलनायक नाही. बँकेला शिव्या नाहीत, भाषण नाही. उरलेली पोरं दुसऱ्या दिवशी पहाटे उठून धारा काढायला जातात, कारण गाईला सुट्टी नसते.

ताकाहातांचाच १९८८ चा 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज' मी आजीसोबत बघितला, संवाद तिला सांगत सांगत. बॉम्बहल्ल्यात आई गेलेली दोन लेकरं नात्यातल्या एका बाईकडे राहायला येतात. ती बाई कामावर जाणाऱ्यांना घट्ट भात वाढते आणि या दोघांना पातळ पेज. इंटरनेटवर तिला शिव्या घालणारे पुष्कळ आहेत. आजीनं बहात्तरचा दुष्काळ काढलाय, मिलो आणि सुकडी खाल्लेली बाई ती. ती म्हणाली, "वाईट नाही ती. कणगीत दाणे कमी झाले की राबणाऱ्याला आधी वाढावं लागतंय." तेव्हापासून मी त्या बाईला नावं ठेवत नाही. पण हा सिनेमा परत बघायची माझी हिंमत नाही.

माकोतो शिंकाई या ॲनिमे दिग्दर्शकाबद्दल माझी दोन मतं आहेत आणि दोन्ही ठाम आहेत.

'सुझुमे' (२०२२) हा आपल्या भागातल्या प्रत्येकानं बघावा. ११ मार्च २०११ च्या भूकंपात आणि त्सुनामीत आई गमावलेली मुलगी ओसाड पडलेल्या जागांमधली दारं बंद करत जपानभर फिरते. दार बंद करायचं तर आधी तिथं राहून गेलेल्या माणसांचे आवाज ऐकावे लागतात. मोठं काही नसतं त्यात, रोजचं बोलणं, सकाळी घराबाहेर पडतानाचं. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीला भूकंप झाला, आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालं होतं. सुमारे १०,००० माणसं गेली. आमच्याकडे त्याबद्दल बोलतात ते आकड्यांत, नाहीतर पुनर्वसनाच्या घरांबद्दल. त्या विसर्जनाच्या रात्री माणसं एकमेकांना काय म्हणून झोपली, हे विचारायचं मला 'सुझुमे' बघेपर्यंत सुचलं नव्हतं. मग मी किल्लारीच्या माझ्या मावशीला विचारलं. ती खूप वेळ बोलली. कुणाच्या घरी प्रसादाचं काय केलं होतं, कोण मिरवणुकीत नाचून दमलं होतं, कोण अंगणात झोपलं म्हणून वाचलं. सिनेमातल्या लहान सुझुमेच्या वहीची पानं त्या तारखेपासून काळ्या रंगानं गिरवलेली आहेत. तेवढं एकच चित्र मी मावशीला दाखवलं नाही.

आणि त्यांचाच 'वेदरिंग विथ यू' (२०१९) मला पटलेला नाही. भारतातल्या चाहत्यांनी मागणी लावून धरली म्हणून तो इथल्या थिएटरात आला, त्याचा आनंद आहेच. पावसाची चित्रं अशी की थेंब मोजावेत. पण शेवट? होदाका नावाचा पोरगा हिनाला, म्हणजे जिच्या बळीनं पाऊस थांबणार असतो त्या मुलीला वाचवतो, आणि त्यापायी टोकियोवर तीन वर्षं पाऊस थांबत नाही, शहराचा मोठा भाग बुडतो. एक म्हातारी बाई समजूत घालते की ही जागा पूर्वी समुद्रच होती, परत तशी झाली. २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलेल्या लातूरची मी, आणि सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत काढणीला आलेलं सोयाबीन पाण्यात कुजताना बघितलेली मी. ज्याची जमीनच वाहून गेली त्याला "पूर्वी इथं नदीच होती" असं कुणी म्हणू शकतं का? एका मुलीचा बळी देऊन ऊन आणू नये, हे मला शंभर टक्के मान्य आहे. पण बुडालेल्या घरांची माणसं सिनेमा नीट दाखवत नाही, आणि ज्यानं 'सुझुमे'त एकेक ओसाड जागेचे आवाज ऐकवले त्याच दिग्दर्शकाचं हे काम आहे, म्हणून जास्त लागतं.

मारामारीच्या लांबलचक मालिका मी बघते, पण त्यावर लिहावं असं माझ्याकडे काही नाही. एक मात्र खुपतं. 'डीमन स्लेयर' या मालिकेचा 'इन्फिनिटी कॅसल' हा सिनेमा २०२५ मध्ये आपल्याकडे हिंदी, तमिळ, तेलुगूतही लागला, मराठीत नाही. 'सिल्व्हर स्पून' मराठीत, तेही आपल्याकडच्या बोलीत आलं, तर गावात पारावर पडदा लावून दाखवायची माझी तयारी आहे. आवाज द्यायला, भाषांतर करायला कुणी इथलं उत्सुक असेल तर खाली लिहा. आणि 'वेदरिंग विथ यू'चा शेवट ज्यांना पटलाय त्यांनीही लिहा, मला तुमची बाजू खरंच ऐकायचीय.