इंजिन बदललं म्हणून गाडी मातीमोल होत नाही

जुन्या गाड्यांच्या कोल्हापुरी व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक मजकूर फिरतोय. त्याचा गोषवारा असा: "जुन्या स्पोर्ट्स कारचं मूळ इंजिन गेलं की किंमत निम्मी. मग कुठलंही इंजिन बसवा, फरक पडत नाही. इंजिनाचा नंबर गाडीच्या मूळ नोंदीशी जुळला तरच गाडी अस्सल. ब्लॉक फुटला की विषय संपला. अशा गाडीची नोंदणीही होत नाही."

दसऱ्याला कोल्हापूर संस्थानची मेबॅक ही जुनी जर्मन गाडी बघायला गर्दी करणारं हे गाव. इथं जुन्या गाडीची कदर कुणाला शिकवायला नको. पण असला मजकूर वाचून माणसं चांगली गाडी पडेल भावात विकतात आणि शेडमधला मूळ ब्लॉक, म्हणजे इंजिनाचा ओतीव सांगाडा, भंगारवाल्याच्या काट्यावर चढवतात. ब्लॉक एकदा गेला की परत मिळत नाही, म्हणून हे सविस्तर उत्तर.

"किंमत निम्मी"

सरसकट असा आकडा नाही. 1967 ची अमेरिकन स्पोर्ट्स कार कॉर्व्हेट घ्या. साधं 327 (घन इंचांचं) इंजिन असो की 435 अश्वशक्तीचं 427, बॉडी एकच. भावातला फरक इंजिनाचाच, त्यामुळं ते बदललेलं निघालं तर घसरण मोठी, हे मान्य. एमजी टीडी या ब्रिटिश स्पोर्ट्स कारचं तसं नाही. 1949 ते 1953 मध्ये 29,664 टीडी बनल्या आणि सगळ्यांत एक्सपीएजी घराण्याचं 1250 सीसीचं इंजिन. एका टीडीत दुसऱ्या टीडीचं इंजिन असेल तर नंबर जुळत नाही इतकंच. एमजीए, एमजीबी या पुढच्या मॉडेलांसाठी तर बीएमसी ही एमजीची मालक कंपनी स्वतःच 'गोल्ड सील' नावानं सोनेरी रंगातली रिकंडिशन्ड इंजिनं बदलून द्यायची. शेल्बी कोब्रा 427 पैकी काही गाड्या कारखान्यातूनच 428 इंजिन घेऊन बाहेर पडल्या. त्यांचं 'मूळ' इंजिन कुठलं म्हणायचं?

भाव काढायची पद्धत साधी आहे. त्याच मॉडेलच्या, तशाच अवस्थेतल्या अस्सल गाडीचा भाव धरा. त्यातून योग्य प्रकारचं इंजिन-गिअरबॉक्स मिळवण्याचा, ते बांधण्याचा आणि कापलेलं लोखंड पूर्ववत करण्याचा खर्च वजा करा. त्यावर कटकटीचे थोडे आणखी.

"कुठलंही इंजिन बसवा"

इथंच हा मजकूर सर्वांत जास्त चुकतो. किंमत खाते ती कापलेली चेसिस, म्हणजे गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा.

आपल्याकडं नेहमी दिसणारा प्रकार म्हणजे टीडीत अॅम्बेसेडरचं 1489 सीसीचं बीएमसी इंजिन. घराणं चांगलं आहे, एमजीए 1500 मध्ये याच बी-सीरीजचं ट्विन कार्बुरेटरचं रूप होतं. एक्सपीएजीचे पार्ट मिळत नसताना लोकांनी ते बसवलं, त्यात गैर काही नाही. पण टीडीचं बेल हाउसिंग, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारं कवच, त्याला बसत नाही. मग अॅम्बेसेडरचा गिअरबॉक्सही येतो. त्याचा गिअर स्टीअरिंग कॉलमवर, तो खाली आणायला टनेल (गिअरबॉक्सवरचं आवरण) कापतात. क्रॉसमेंबर (चेसिसची आडवी पट्टी) आड येतो म्हणून तोही कापतात. प्रॉपेलर शाफ्ट तोडून जोडतात आणि बॅलन्स करत नाहीत, मग ठराविक वेगाला सगळी गाडी थरथरते. मागच्या एक्सलचं गुणोत्तर 5.125 च राहतं, चाकाच्या एका फेरीला शाफ्टच्या पाचाहून जास्त फेऱ्या. म्हणजे ताशी 80 ला इंजिन साधारण 3,450 आरपीएमवर ओरडत राहतं आणि एवढ्या खटाटोपातून ताकद वाढत नाही.

टीडीची चेसिस बॉक्स सेक्शनची, म्हणजे आतून पोकळ चौकोनी नळीची. बाहेरून ब्रॅकेट वेल्ड केलं की आतला रंग जळतो. तिथं ब्रश पोचत नाही, पावसाचं पाणी पोचतं, आणि चेसिस आतून कुजते. म्हणून विकत घेताना गाडी रॅम्पवर चढवा आणि माउंटिंगपाशी बॅटरी मारून ग्राइंडरच्या खुणा शोधा.

बदल करायचाच असेल तर असा करा: 8 मिमी प्लेटचं ब्रॅकेट, चेसिसची मूळ भोकं, 8.8 ग्रेडचे बोल्ट, रबर माउंटिंग. बोल्ट बॉक्समधून आरपार जात असेल तर आत पाइपचा स्पेसर घाला, नाहीतर आवळताना बॉक्स चेपतो. वेल्डिंग नाही, कापाकापी नाही. अशी गाडी पुन्हा मूळ रूपात आणता येते आणि जाणकार गिऱ्हाईक त्याचे पैसे देतं. डिझेल इंजिन मात्र स्पोर्ट्स कारमध्ये घालूच नका. पुढचं वजन वाढतं, स्प्रिंग बसतात आणि ब्रेक तेच जुने.

"नंबर जुळला की अस्सल"

टीडीचा इंजिन नंबर असतो अष्टकोनी पितळी पट्टीवर, आणि ती पट्टी ब्लॉकला रिव्हेटनं बसवलेली. रिव्हेट काढले की पट्टी दुसऱ्या ब्लॉकवर जाते. रिव्हेटची डोकी नवी, चकचकीत दिसली तर शंका घ्या. कॉर्व्हेटमध्ये नंबर ब्लॉकच्या पॅडवर, म्हणजे सपाट जागेवर, ठोकलेला असतो. त्या पॅडवर कारखान्यातल्या मशीनिंगच्या बारीक समांतर रेघा दिसायला हव्यात. पॅड गुळगुळीत असेल तर घासून नवा नंबर ठोकला असण्याची शक्यता मोठी. ब्लॉकवरची ओतकामाची तारीखही वाचा: 'B 12 7' म्हणजे फेब्रुवारीची 12 तारीख, वर्षाचा शेवटचा आकडा 7. ही तारीख गाडी बनल्याच्या तारखेनंतरची निघाली तर तो ब्लॉक त्या गाडीचा नव्हे. खोट्या नंबरच्या गाडीपेक्षा बदललेलं इंजिन उघड सांगणारी गाडी केव्हाही बरी.

"नोंदणी होत नाही"

अर्धवट माहिती. 2021 च्या केंद्रीय नियमांनुसार व्हिंटेज नोंदणीसाठी गाडी 50 वर्षांपेक्षा जुनी आणि मूळ स्वरूपात लागते, चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल चालत नाही. नव्या नोंदणीचं शुल्क 20,000 रुपये, मुदत 10 वर्षं, नंबरात 'व्हीए'. ही वाट अशा गाडीला बंद होऊ शकते. साधी नोंदणी वेगळी. तिथं मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 खाली इंजिन बदलण्याआधी आरटीओची मंजुरी घ्या आणि नवा नंबर आरसीवर चढवून घ्या. हे राहिलं तर विमा आणि विक्री दोन्हीकडं अडतं.

"ब्लॉक फुटला, विषय संपला"

ऑइल इंजिनांवर वाढलेल्या उद्यमनगर या औद्योगिक वसाहतीच्या गावात हे वाक्य पुढं पाठवलं जावं, याचं वाईट वाटतं. एक्सपीएजीचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, 66.5 मिमी. 60 थाउपर्यंत (थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) घासून ओव्हरसाइज झालेल्या ब्लॉकमध्येही स्लीव्ह घालून तो परत स्टँडर्डवर आणता येतो. वॉटर जॅकेटला (सिलिंडरभोवतीच्या पाण्याच्या पोकळीला) तडा असेल तर थंड स्टिचिंग: तड्यावर एकमेकांत गुंतणारी भोकं पाडून पिना आवळायच्या, मग गरम पाणी भरून दाबाखाली गळती बघायची.

बरेच ब्लॉक खरं तर आट्यांनी गेलेत. या इंजिनाचे 8 मिमीचे बोल्ट 1 मिमी पिचचे (दोन आट्यांमधलं अंतर), आणि डोकी व्हिटवर्थ या जुन्या ब्रिटिश मापाच्या पान्याची. दुकानात मिळणारा साधा 8 मिमी बोल्ट 1.25 पिचचा. तो जोरानं फिरवला की आटे उडाले. त्यावर इलाज 8×1 चा थ्रेड इन्सर्ट, म्हणजे भोकात बसवायचे नवे आटे. ब्लॉक टाकून द्यायचं कारण नाही.

तोवर मूळ इंजिन जपा. पाणी पूर्ण काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन चमचे इंजिन ऑइल, प्लग बसवलेले, पोर्ट बंद. जमिनीवर न ठेवता लाकडी ठोकळ्यांवर ठेवा. पावसाळ्यात महिन्यातून एकदा फ्लायव्हील हातानं पाव फेरी फिरवा. आणि गाडी विकाल तेव्हा ते तिच्यासोबतच द्या, नंबरपट्टी जागच्या जागी ठेवून.